तुमच्या भुकटीत नेमकं काय चमकतंय?

पत्र असं आहे, थोडं आटोपशीर करून देतेय, कंसातले खुलासे माझे:

«आदरणीय मॅडम, विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी अनुदानित कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. आठ वर्षं तासिका तत्त्वावर काढली, पाच वर्षांपूर्वी कायम झालो. वय ३८. पीएचडी फॉस्फरवर (ऊर्जा शोषून प्रकाश देणारी भुकटी), एकूण २३ पेपर. गाइड सर म्हणतात, दर दोन महिन्यांनी होस्ट (चमकणारे अणू ज्यात घालतात तो स्फटिक) बदलत राहा, बढतीला अडचण येणार नाही. दक्षिण कोरियातल्या एका प्रयोगशाळेतून दोन वर्षांच्या पोस्टडॉकचं पत्र आलंय. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, मुलगी पाच वर्षांची. संस्था बिनपगारी रजा देऊ म्हणते, तोंडी. जाऊ की नको? शिवाय एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही. माझ्या ज्या पेपरचे सर्वांत जास्त दाखले दिले गेलेत, तो युरोपियम (एक दुर्मिळ मृदा धातू) घातलेल्या गार्नेटवर (वायट्रियम-अॅल्युमिनियमचा ऑक्साइड स्फटिक) आहे. ६११ नॅनोमीटरला झगझगीत लाल. गेल्या महिन्यात एमएस्सीच्या एका विद्यार्थिनीनं विचारलं, ‘सर, एक्सआरडीत (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखायची चाचणी) २९ अंशांजवळचं हे छोटं पीक (आलेखावरचा उंचवटा) कुणाचं?’ मी तेव्हा ते बॅकग्राउंड समजून सोडून दिलं होतं. आता रात्री झोप लागत नाही.»

नमस्कार.

तुमचं पत्र मी खालून वर वाचलं. कोरियाचं बघू. आधी त्या पिकाचं बघू, कारण त्याचं उत्तर कोरियात मिळणार नाही, तुमच्याच भट्टीत, मफल फर्नेसमध्ये, मिळेल.

तुम्ही आलेख जोडलेत ते बरं केलंत. मी भिंग घेऊन बसले. गार्नेटची स्वतःची एक रेषा २९.७ अंशांजवळ येते, नजर चुकते ती तिच्यामुळेच. तिच्या डाव्या खांद्यावर तुमचं ते पीक बसलंय, २९.१ च्या आसपास. वायट्रियम ऑक्साइडची सर्वांत उंच रेषा नेमकी तिथेच येते. मात्र हीच ती, असं मी शपथेवर सांगणार नाही. वायट्रियम-अॅल्युमिनियमच्या कुटुंबात गार्नेटखेरीज आणखी दोन भावंडं आहेत, पेरोव्हस्काइट आणि मोनोक्लिनिक. त्यातल्या मोनोक्लिनिकच्या रेषाही याच गल्लीत घुटमळतात. पण तुमचा पीएलचा, म्हणजे भुकटीतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचा, आलेख बघितला आणि माझा संशय ऑक्साइडवरच जाऊन बसला.

इतर वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. युरोपियम ज्या स्फटिकात राहतो त्या घराची ठेवण त्याच्या रंगात उतरते. बसायची जागा बऱ्यापैकी सममित असेल तर ५९० नॅनोमीटरजवळची नारिंगी रेषा वरचढ ठरते. जागा वाकडीतिकडी असेल तर ६११ ची लाल. गार्नेटमध्ये सहसा नारिंगीचं पारडं जड असतं. वायट्रियम ऑक्साइडमध्ये मात्र लाल इतकी जोरदार की ट्यूबलाइट आणि सीएफएलमधला लाल रंग म्हणून जगानं तीच भुकटी वापरली. घरात जुना सीएफएल उरला असेल तर तो लावा आणि त्याचा प्रकाश सीडीच्या मागच्या बाजूवर तिरका पडू द्या. सलग इंद्रधनुष्य दिसणार नाही, सुटे सुटे पट्टे दिसतील. त्यातला जो ठसठशीत लाल, तो वायट्रियम ऑक्साइडमधला युरोपियम. मी एफवायच्या मुलांना पहिल्या आठवड्यात हेच दाखवायचे. वर्ग शांत करायचा याहून स्वस्त उपाय मला सापडला नाही.

आता तुमच्या पेपरमधलं वाक्य: «६११ नॅनोमीटरला असाधारण तीव्र लाल उत्सर्जन.» गार्नेटमध्ये ते असाधारण आहे खरं. तिथेच थांबून ‘का बरं?’ असं विचारायला हवं होतं. तुम्ही विचारलं नाहीत, गाइडनी नाही, दोन परीक्षकांनीही नाही. विचारलं एमएस्सीच्या मुलीनं.

एक्सआरडीत दोन-तीन टक्क्यांचा भेसळीचा भाग कोपऱ्यात अंग चोरून बसतो, आणि पीएलमध्ये तोच सिंहासनावर असतो. एक्सआरडी मोजतं किती माल आहे ते, पीएल मोजतं कोण किती ओरडतंय ते. तुमची पद्धत ज्वलनाची, म्हणजे कंबश्चन सिंथेसिस. १९८० च्या दशकात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत पाटील आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ती रुळवली आणि आपल्याकडच्या कॉलेजांवर उपकार केले. धातूंचे नायट्रेट, युरिया, थोडं पाणी, ५०० अंशांवर तापलेली मफल. आत ठेवलं की उकळतं, फेसाळतं, भडका उडतो आणि पाचेक मिनिटांत क्रुसिबलमध्ये पांढरा फेस तयार. स्वस्त, देखणं. पण पाच मिनिटांत सगळे अणू आपापल्या जागी जाऊन बसतात असं थोडंच आहे? कुठे युरिया कमी पडतो, कुठे ढवळणं नीट होत नाही, आणि थोडं वायट्रियम अॅल्युमिनियमला न भेटताच ऑक्साइड होऊन बसतं. युरोपियमला काय, दोन्ही घरं चालतात.

तुम्ही लबाडी केलीत असं मला वाटत नाही. मीही हे केलंय, म्हणून सांगते.

पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी मला परगावच्या एका संस्थेतला स्पेक्ट्रोफ्लुओरोमीटर, म्हणजे पीएल मोजायचं यंत्र, रात्रीच्या पाळीत मिळाला. नमुना कॅल्शियम सल्फेटचा. उत्तेजक प्रकाश २५४ नॅनोमीटर. पहाटे तीनला कागदावर पेन सरकला आणि ५०८ ला सुईसारखी रेषा उभी राहिली. कुठल्याच पेपरात नव्हती. मी एकटीच हसले. परतीच्या एसटीत बसून परिषदेसाठी सारांश लिहूनही काढला. परिषदेत पोस्टरसमोर पहिला कोण थांबावा, तर एका प्रयोगशाळेतले यंत्र चालवणारे गृहस्थ, निवृत्तीला आलेले. त्यांनी रेषेवर बोट ठेवलं आणि हळूच विचारलं, «मॅडम, मध्ये काच लावली होती का?»

२५४ दुणे ५०८. यंत्रात प्रकाशाचे रंग वेगळे करणारं रेघांचं ग्रेटिंग उत्तेजक प्रकाशाचीच दुसऱ्या क्रमाची सावली तिथे टाकतं. नमुन्यातून निघालेला प्रकाश शोधकाकडे जातो त्या वाटेत सूक्ष्मदर्शकाची साधी काचपट्टी धरायची. काच २५४ ला अडवते, खरा हिरवा प्रकाश असेल तर आरपार सोडते. परत जाऊन काच धरली. रेषा नाहीशी. डोपिंग न केलेल्या, म्हणजे बाहेरचे अणू न घातलेल्या, कोऱ्या नमुन्यातही ती आधी दिसत होती, हे मला मोजायचं सुचलंच नव्हतं. पोस्टर उतरवताना टाचण्या बोटाला टोचल्या त्या अजून आठवतात. तोवर पेपर छापून आलेला नव्हता, एवढंच माझं नशीब तुमच्यापेक्षा बरं.

तर तुम्ही आता असं करा. जुन्या वहीतून त्याच प्रमाणात तोच नमुना पुन्हा करा, शक्यतो त्याच बाटल्यांतल्या रसायनांनी. त्याचे दोन भाग करा. एक तसाच ठेवा, दुसरा तुमची मफल जिथवर जाते तिथवर, हजार अंशांवर, चांगला दहा-बारा तास भाजा. जोडीला मुद्दाम वायट्रियम ऑक्साइडमध्ये युरोपियम घालून एक नमुना करा. तोही त्याच दुपारी होईल. मग तिन्हींचा पीएल घ्या आणि उत्तेजन एकदा २५४ ला, एकदा ३९४ ला ठेवा. युरोपियम एकाच प्रकारच्या घरात राहत असेल तर ५९० आणि ६११ यांचं गुणोत्तर उत्तेजन बदलल्यानं फारसं हलू नये. हललं, तर घरं दोन आहेत. आणि भाजल्यावर २९.१ चं पीक खाली आलं, त्याच्याबरोबर ६११ सुद्धा खाली आलं, तर मग मला पुन्हा पत्र लिहायची गरज नाही. काय ते तुम्हाला कळलेलं असेल.

कॉलेजातल्या एक्सआरडीवर समाधान होत नसेल तर इंदूरला जा. राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-२ हा अडीच जीईव्हीचा सिंक्रोट्रॉन, म्हणजे अतितीव्र क्ष-किरण देणारं यंत्र, आहे. त्याच्या बीमलाइनवर विद्यापीठ-कॉलेजांतल्या लोकांना प्रस्ताव मंजूर झाला की काम करता येतं. त्याच गावात यूजीसी-डीएई कन्सॉर्शियमचं केंद्र आहे, तेही तुमच्याआमच्यासारख्यांसाठीच उभं केलंय. आय-स्टेम पोर्टलवर देशभरातली यंत्रं दिसतात, आयआयटी मुंबईच्या सैफ या यंत्रसुविधेत नमुना पाठवता येतो. «आमच्याकडे यंत्रं नाहीत» हे वाक्य तुमच्या पत्रात तीनदा आलं होतं. मी छापताना गाळलं. माझ्या काळी ते खरं होतं, आज अर्धंच खरं आहे.

समजा, ऑक्साइडच निघालं. मग गाइड. इथे जरा जपून. मेल करू नका, फोनही नको. गाडी पकडून समोर जा. तिन्ही आलेख एकाच कागदावर छापून न्या आणि म्हणा, «सर, नमुना पुन्हा केला, तुम्हाला दाखवायचा होता.» चूक हा शब्द तुम्ही उच्चारू नका, कागदाला उच्चारू द्या. आपल्याकडे गाइड म्हणजे निम्मा बाप, त्यांच्यासमोर मान वर करून बोलणं जिवावर येतं, मला माहीत आहे. बरेचसे गाइड आलेख पाहून पाच मिनिटं गप्प बसतात आणि मग स्वतःच म्हणतात, लिहू या नियतकालिकाला. काही म्हणतात, «सोड रे, कोण बघतंय.» तसं झालं तर घरी या आणि सगळ्या सहलेखकांना मोजमापांसह एक सभ्य मेल पाठवा, उत्तरासाठी पंधरा दिवस द्या. मग संपादकांना कळवा. नियतकालिकाशी पत्रव्यवहार करणारं लेखकपद तुमच्याकडे आहे, म्हणजे तो अधिकार तुमचाच. बहुतेक शुद्धिपत्रकावर भागेल: संश्लेषण खरं, मोजमाप खरं, लाल रेषेचं श्रेय चुकीच्या स्फटिकाला गेलं. मात्र अख्ख्या पेपरचा दावाच त्या लाल रेषेवर उभा असेल तर तो मागे घ्यावा लागेल, आणि त्याचीही तयारी ठेवा. स्वतःहून मागे घेतलेला पेपर आणि दुसऱ्यानं उघडा पाडलेला पेपर यांतला फरक या क्षेत्रातल्या माणसांना चांगला कळतो.

आणि दुसरे उघडे पाडतात, बरं का. अरेषीय प्रकाशीय स्फटिकांचं, म्हणजे प्रकाशाचा रंग बदलू शकणाऱ्या स्फटिकांचं, काय झालं ते आठवा. अमिनो आम्लात कसलं तरी मीठ घालायचं, बीकर झाकून ठेवायचा, महिनाभरानं काचेसारखे खडे काढायचे आणि नवा स्फटिक म्हणून छापायचा, अशी लाटच आली होती. गोवा विद्यापीठातल्या एका रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी, आणि परदेशातल्या काही स्फटिकशास्त्रज्ञांनीही, वर्षानुवर्षं बसून एकेक दावा तपासला. कितीतरी ‘नवे’ स्फटिक म्हणजे बीकरमध्ये घातलेलं मूळ द्रव्यच पुन्हा खड्याच्या रूपात बाहेर आलेलं होतं. त्यांच्या टिपणांची शीर्षकंच «अमुक स्फटिकाच्या अस्तित्वाविषयी» अशा धाटणीची असायची. आपल्या पेपरबद्दल असं शीर्षक वाचायची वेळ कुणावर येऊ नये.

यातूनच ‘दर दोन महिन्यांनी होस्ट बदला’ या सल्ल्याकडे येते. फॉस्फरच्या पेपरांचा शेवट तुम्हालाही पाठ असेल: «सबब हा फॉस्फर पांढऱ्या एलईडीसाठी उत्तम पर्याय ठरू शकतो.» मी परीक्षक म्हणून असे किती शेवट वाचले याची गणती नाही. बंद पडलेला एलईडी बल्ब घ्या, टोपण काढा. आत पिवळे चौकोनी ठिपके दिसतील. खाली निळा एलईडी, ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा, आणि वर सेरियम घातलेलं वायट्रियम-अॅल्युमिनियम गार्नेट. तुमच्याच गार्नेटचं सख्खं भावंड, १९९६ पासून बाजारात. ते टिकलं कारण ते निळा प्रकाश भरभरून शोषतं आणि दीडशे अंशांना तापलं तरी फारसं मावळत नाही. तुमचं त्रिसंयुजी युरोपियम निळ्यात ४६५ ला आणि जांभळ्यात ३९४ ला शोषतं खरं, पण त्या रेषा इतक्या बारीक आणि दुबळ्या की चिपचा बहुतेक प्रकाश त्यांच्या शेजारून निघून जातो. म्हणून कारखान्यांनी लाल रंगासाठी द्विसंयुजी युरोपियमचे नायट्राइड घेतले, पडद्यांसाठी मँगनीज घातलेले फ्लुओराइड घेतले. होस्टमध्ये कॅल्शियमच्या जागी स्ट्रॉन्शियम घालून ही अडचण सुटत नाही. ज्या पेपरात क्वांटम यील्ड (शोषलेल्या प्रकाशातला किती परत बाहेर येतो ते) नाही, दीडशे अंशांवरचं मोजमाप नाही, बाजारातल्या भुकटीशेजारी ठेवून केलेली तुलना नाही, त्याला उत्तम पर्याय म्हणायचं तरी कशाच्या जिवावर?

उलट एक जुनी भुकटी सांगते. डिस्प्रोशियम घातलेलं कॅल्शियम सल्फेट. जिल्हा रुग्णालयात एक्स-रे काढणाऱ्याच्या छातीवर टीएलडी बॅज असतो ना, त्यात टेफ्लॉनमध्ये बसवलेल्या तीन चकत्या असतात, त्या याच भुकटीच्या. तीन महिने किरणोत्सर्ग साठवून ठेवायचा आणि तापवलं की त्याचा हिशेब प्रकाशात द्यायचा, हे तिचं काम. भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या लोकांनी एका भुकटीवर वर्षानुवर्षं घालवली: कणाचा आकार, साठलेला संकेत किती ओसरतो, पुन्हा वापरली तर काय होतं. त्यातल्या कुठल्याच प्रश्नात ‘नवं’ असं काही नव्हतं. माझं वैयक्तिक मत विचाराल तर आपल्या देशातल्या सगळ्या फॉस्फर-संशोधनात मला त्या तीन चकत्यांचा अभिमान सर्वांत जास्त वाटतो. (कॅल्शियम सल्फेट माझंही होतं म्हणून हा पक्षपात असेल, तर असू दे.)

बढतीचं थोडक्यात. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत प्राध्यापकपदासाठी किमान १० शोधनिबंध मागितलेत, तुमचे २३ आहेत. गुणांचे तक्ते, प्रमाणपत्रं, फाइलचे गठ्ठे हे आहेच, ते कुणाला चुकलंय? शिवाय मान्य नियतकालिकांची यूजीसीची केअर यादीही २०२५ मध्ये बंद झाली, नियतकालिक बरं की वाईट हे ठरवायचं काम आता आपल्याच गळ्यात आलंय. एक पेपर उणा झाला तरी तुमची बढती अडणार नाही.

आता कोरिया.

शुजी नाकामुरांची गोष्ट वर्गात तुम्हीही सांगत असाल, पण फ्लोरिडाचा भाग बहुतेक जण गाळतात. ते जपानच्या शिकोकू बेटावर एका फॉस्फर बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला होते. पीएचडी नव्हती. १९८८ मध्ये एका वर्षासाठी फ्लोरिडा विद्यापीठात गेले ते एकच तंत्र शिकायला, वायूंमधून अर्धवाहकाचे थर चढवायचं. तिथे त्यांना कुणी बरोबरीचं मानलं नाही, कारण नावावर पेपर नव्हते. वर्षातला बराच काळ यंत्र जोडण्यात गेला. आणि तेच उपयोगी पडलं! परत आल्यावर स्वतःचं यंत्र स्वतः मोडून पुन्हा बांधता आलं. १९९३ मध्ये झगझगीत निळा एलईडी, पुढच्या वर्षी डॉक्टरेट, २०१४ मध्ये आकासाकी आणि आमानो यांच्याबरोबर नोबेल. सगळेच नाकामुरा होत नाहीत हे मलाही कळतं. पण जाताना ते काय शिकायला चाललेत हे त्यांना एका वाक्यात सांगता येत होतं. तुमच्या पत्रात कोरियाबद्दल अकरा ओळी होत्या, त्यात पगार होता, किमची होती, थंडी होती. यंत्राचं नाव एकाही ओळीत नव्हतं.

म्हणून तिथल्या प्राध्यापकांना लिहा आणि सरळ विचारा: तापमान बदलत पीएल मोजायची सोय माझ्या हातात असेल का, क्वांटम यील्ड मोजायचं इंटिग्रेटिंग स्फिअर मी स्वतः चालवीन का, एक्सआरडीतून कुठला स्फटिक किती हे काढायचं रीटव्हेल्ड विश्लेषण शिकवणारं कुणी गटात आहे का. उत्तर हो असेल तर जा. ‘तुम्ही नमुने करून द्या, मोजमाप आमची मुलं करतील’ असं आलं तर नका जाऊ. भुकट्या तुम्ही घरीही भाजताच. आणि एक सत्र उशिरा येतो म्हणून कळवा, कारणही सांगा: जुना नमुना पुन्हा तपासतोय. चांगल्या प्रयोगशाळेचा माणूस हे ऐकून नाक मुरडत नाही. मुरडलं तर दोन वर्षं वाचली.

रजेचं तोंडी चालणार नाही. संस्थेचा ठराव, ना-हरकत प्रमाणपत्र, सहसंचालक कार्यालयाची परवानगी, सेवाखंड धरणार नाही याचा लेखी उल्लेख, हे सगळं हातात पडल्याशिवाय तिकीट काढू नका. आठ वर्षांनी मिळालेलं स्थैर्य तोंडी शब्दावर टांगू नये. आणि पत्नीला काय वाटतं, हे तुम्ही मला लिहिलंच नाहीत. शाळा, मुलगी, जनगणना, निवडणुकीची ड्यूटी हे सगळं दोन वर्षं एकटीनं ओढायचं ते त्यांना. मला पत्र लिहिण्याआधी त्यांना विचारलं असेल अशी आशा आहे. नसेल विचारलं तर आज रात्री विचारा, आणि एका वर्षावर तडजोड झाली तर मुकाट्यानं घ्या.

त्या विद्यार्थिनीचं मात्र विसरू नका. नमुना पुन्हा करताना तिला सोबत घ्या, वजनं तिलाच करू द्या, वही तिच्याच अक्षरात भरू द्या. शुद्धिपत्रक लिहायची वेळ आली तर आभारात तिचं नाव यायला हवं, त्यासाठी गाइडशी वाद घालावा लागला तरी. आणि २५४ चा दिवा लावाल तेव्हा दोघांनीही चष्मे घाला. तुमच्या प्रयोगशाळेच्या फोटोत ते खुंटीला टांगलेले दिसले, काचांवर बोटभर धूळ होती.